धूर आमचा, उड्डाण दौंडचं

आमच्या शिरूरच्या ग्लायडिंग क्लबात उडणारी माणसं डझनभर आणि विमान एकच, तेही बिनइंजिनाचं. लग्न ठरताना हे मी होणाऱ्या सासऱ्यांना सांगितलं, तेव्हा ते आत हाक मारून म्हणाले, "पाव्हण्यांना ताक आणा गं, उन्हातनं आलेत."

त्यांचंही चुकत नव्हतं. ग्लायडर पाहिल्याशिवाय पटत नाही. लांबलचक पंखांचं पांढरं विमान मैदानाच्या एका टोकाला उभं असतं. दुसऱ्या टोकाला असतो विंच, म्हणजे ट्रकच्या इंजिनावर बसवलेला दांडगा रहाट. मध्ये किलोमीटरभर लोखंडी तार. विंचवाल्यानं इंजिन रेटलं की तार सरसर गुंडाळली जाते आणि ग्लायडर पतंगासारखं नाक वर करून आभाळात जातं. इतक्या झटक्यात, की पोट खालीच राहतं. वर पोचल्यावर निरोप धाडून बोलवून घ्यावं लागतं. मग तार सोडायची आणि तापलेल्या जमिनीवरून चढणारे हवेचे झोत शोधत घारीसारख्या घिरट्या घालायच्या. झोत सापडला तर दुपारभर वर. नाही सापडला तर ज्याच्या रानात उतराल त्याच्या घरी चहा. मी आजवर इतक्या रानांत उतरलोय, की नुसत्या चहाच्या चवीवरून गाव सांगतो.

आमचा आजा ह्याच मुलखातून मेंढरं घेऊन पायी हिंडला. बापानं शेती धरली. मी कारेगावात राहतो, रांजणगावच्या कारखान्यात शिफ्ट करतो आणि रविवारी त्याच मुलखावरून उडतो. आज्याला वस्तीवस्तीवरची कुत्री भुंकायची, मलाही भुंकतात. घराण्याचं नाव राखलंय म्हणायचं.

हा विंच आमच्या आप्पांनी बांधला. आप्पा म्हणजे साठी कधीच ओलांडलेले, अर्धे शेतकरी, अर्धे मिस्त्री आणि वरून पुन्हा पूर्ण भांडखोर. शिरूरच्या बाहेर त्यांची पत्र्याची शेड आहे. भंगारात निघालेल्या एका उसाच्या ट्रकचं इंजिन त्यांनी तिथं असं काही जमवलं, की पहिल्या चाचणीत तारेला बांधलेला दगडी रूळ उडून ओढ्यापलीकडं जाऊन पडला. तो रूळ माझ्या सांगण्यात दर वर्षी थोडा मोठा होतो, पण रूळ होता हे खरं.

दौंडच्या क्लबाकडं ग्लायडर होतं, पण विंच नव्हता. तिकडची बहुतेक मंडळी रेल्वेतली. तेव्हा दोन्हीकडच्या जाणत्यांनी बसून ठरवलं, की दर वर्षी होळी झाल्यावर एका शनिवार-रविवारी मैत्रीची स्पर्धा घ्यायची. जो जिंकेल त्याच्या माळावर वर्षभर विंच राहील, हरलेल्यानं उडायला तिकडं जायचं. बैठक उठता उठता आप्पांनी स्वतःहून आणखी एक कलम घातलं, "आन् ज्याच्या दारात विंच, त्यानंच त्याला हात लावायचा. हरलेल्यानं पाना घिऊन फिरकायचं न्हाई." शिरूर हरेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

त्यानंतर आम्ही लागोपाठ दोन वर्षं हरलो.

दोन वर्षं विंच दौंडकरांच्या माळावर, कुरकुंभच्या रस्त्यापासून आत. आम्ही रविवारी तिकडं उडायला जायचो आणि आप्पाही यायचे. विंचाभोवती दोरी बांधलेली असायची. आप्पा त्या दोरीच्या बाहेर खुर्ची टाकून बसायचे, सासरी दिलेल्या लेकीला लांबून बघावं तसे.

ह्या वर्षीच्या स्पर्धेला शनिवारी सकाळी मी जीपमधून उतरतोय तोच त्यांनी माझं मनगट धरलं.

"ऐक."

"काय ऐकू?"

"इंजन ऐक. खोकतंय."

मी ऐकलं. मला इंजिन इंजिनासारखंच वाटलं, पण मी चेहरा गंभीर केला.

"तिसरा सिलिंडर," आप्पा म्हणाले. "ह्यांना म्या दोनदा सांगितलं. तर म्हंत्यात, आप्पा, आमी रेल्वेची इंजनं सांभाळतो. आरं, रेल्वेचं इंजन आन् हे एक हाय व्हय? अजून एक हंगाम असंच रेटलं तर कायमचं बसतंय बघ. औंदा ते घरी आलंच पायजे."

"आलंच समजा!" मी म्हणालो. मला हळू बोलता येत नाही, त्यामुळं हे अख्ख्या माळानं ऐकलं. "उद्या संध्याकाळी विंच आपल्या जीपमागं असंल, आप्पा. शब्द माझा!"

"शिरूरकर," पलीकडून आवाज आला, "आधी ती जीप बिनधक्क्याची सुरू करून दावा. मग विंचाचं बघू."

ह्या दौंडच्या ताई. मालगाडी चालवतात. रात्रपाळीत पन्नासेक डबे ओढून सकाळी घरी आलेली ही बाई दहाच्या ठोक्याला माळावर हजर असते आणि बिनइंजिनाच्या विमानात बसते. विचारलं तर सांगते, "जरा आराम." गेली दोन्ही वर्षं आम्हांला हरवलं ते ह्यांनीच. मी तालुक्यातला एक नंबरचा वैमानिक आहे. पण त्यांचा तालुका दौंड आहे, त्याला मी काय करणार?

कामगिरी साधी होती. माळावरून निघायचं, भीमा ओलांडायची, पलीकडच्या साखर कारखान्याच्या चिमणीला वळसा घालायचा आणि परत माळावर येऊन उतरायचं. कितीही वेळा प्रयत्न करा, पण दुपारी चारला विंच बंद. जो पुरं करील तो जिंकला. शनिवारी आभाळ धुरकट होतं, जमीन तापलीच नाही. ताई वर गेल्या आणि खाली आल्या, मी वर गेलो आणि खाली आलो. शिफ्ट सुटून बघायला आलेले कुरकुंभचे कामगार म्हणाले, "यापेक्षा पाळणा बरा." सगळं रविवारवर गेलं.

आता ह्या कामगिरीतली मेख सांगतो. आपला कोरडा माळ म्हणजे तवा. मार्चच्या दुपारी त्यावर पापड ठेवला तर भाजून स्वतःच उडून जाईल. तिथं वर चढायला काहीच अडचण नाही. पण भीमेच्या दोन्ही काठांना मैलोन् मैल ऊस. हिरवा, ओला, गार. उसावरून हवा वर चढत नाही, उलट खाली बसते. ग्लायडरवाल्यासाठी ऊस म्हणजे समुद्र. चिमणी त्या समुद्राच्या पार. मधे एक जरी झोत मिळाला तर पार होता येतं, नाहीतर बुडालात.

आणि त्या समुद्राच्या बरोबर मध्यावर, भीमेच्या पलीकडं, शिरूर तालुक्यात माझ्या मामांचं गाव आहे. मामांचा ऊस नुकताच कारखान्याला गेला होता. रानात गुडघाभर वाळलेलं पाचट पसरलेलं. पाचट पेटलं की जो धूर उठतो त्याच्यासारखा झोत परमेश्वरालाही करता येत नाही. मी आठवडाभर आधीच मामांना फोन करून ठेवला होता.

"रविवारी दुपारी दोनला पेटवा मामा. आधी न्हाई, नंतर न्हाई."

"कृषी सहायक म्हंतोय पाचट कुजवा, जाळू नगा."

"त्याचं बरोबरच हाय. पुढल्या सालापासनं कुजवू."

मामा हसले आणि काम झालं. धूर माझा, वेळ माझी आणि दौंडला त्याचा पत्ता नाही. ह्याला मी डावपेच म्हणतो.

रविवारी चिठ्ठी टाकली, पहिला नंबर ताईंचा निघाला. बारा वाजून गेले होते, ऊन कडक. त्या चढल्या, भीमेकडं गेल्या, ठिपका झाल्या, दिसेनाशा झाल्या. आप्पांनी डोळ्यांवर हात धरला होता तो खाली आणला नाही. अर्ध्या-पाऊण तासानं दौंडकरांच्या एकाचा फोन वाजला. ताईंना उसावर झोत मिळाला नव्हता. एका गव्हाच्या कापलेल्या रानात त्या सुखरूप उतरल्या होत्या. गावाचं नाव ऐकून मी चुळबुळलो. मामांचं गाव!

दोन्ही क्लबांत मिळून ग्लायडर वाहायचा ट्रेलर एकच. दौंडकरांनी तो लगेच आमच्या जीपला जोडला, कारण ओढणारी गाडी ती एकच, आणि धक्का मारून ते ताईंना आणायला निघाले. जीपबरोबर आप्पाही गेले. परक्याच्या हातात आमची जीप सोडायला त्यांचा जीव धजत नव्हता.

मी हिशोब केला. जायला पाऊण तास, पंख सुटे करून ट्रेलरवर घालायला थोडा वेळ, यायला पाऊण तास. चारच्या आत त्या सहज परत येतात आणि पुन्हा उडतात. म्हणजे त्यांना तिथं अडकवायला हवं. भांडणतंटा न करता, मान राखून, आपल्या रीतीनं. मी पाण्याच्या टँकरमागं गेलो आणि मामांना फोन लावला.

"मामा, तुमच्या गावात इमान उतरलंय."

"आरं, बघितलं की! समदं गाव पळतंय तिकडं. चालवणारी बाई हाय म्हंत्यात!"

"व्हय, दौंडची हाय. सवाष्ण हाय. तुमच्या शिवारात आभाळातनं पाऊल टाकलंय तिनं. आन् गाव तिला नुसता चहा पाजून वाटंला लावणार?"

 मामांच्या आवाजाला एकदम निवडणुकीतलं वजन आलं. "आसं कसं? आमचं गाव म्हंजी काय बसस्टँड हाय का?"

"ओटी भराया पायजे मामा."

"मामी भरंल की."

"एकट्या मामीनं भरली तर बाकीच्या घरांनी काय करायचं? तुमचं-आमचं दिसंल ते."

एवढं पुरलं. आपल्या गावांत सगळं थांबवता येतं, पण ओटी थांबवता येत नाही. एका घरानं भरली की शेजारचं घर मागं राहत नाही. वरच्या आळीनं भरली की खालची आळी येते. आणि जिची ओटी भरतात तिला 'पुरे' म्हणायची सोय नसते. मालगाडी थांबवणारी बाई असली तरी.

मी हात झटकले आणि टोपी चढवून माझ्या ग्लायडरमध्ये बसलो.

त्या दिवशी मी जसा उडालो तसं आजवर कुणी उडालेलं नाही, आणि हे मी एकटाच वर असल्यामुळं दुसरं कुणी सांगूही शकत नाही. तार सोडल्या सोडल्या झोत सापडला. एक घार आधीच त्यात फिरत होती. मला बघून तिनं बाजूला सरकून जागा दिली. कॉकपिटमध्ये आमच्याकडं एक यंत्र असतं, वर चढलं की चिवचिवतं आणि खाली पडायला लागलं की रडतं. ते इतकं चिवचिवलं, की मला वाटलं आता अंडी घालतंय. खाली दौंडचे रूळ उन्हात चमकत होते, एक डेमू गाडी पुण्याकडं निघालेली, तीही मला बांधावरच्या गोमेसारखी दिसत होती. मी गाणं म्हणत भीमेकडं नाक केलं.

नदी ओलांडली आणि यंत्र रडायला लागलं. ऊसच ऊस. ठीक आहे, म्हटलं, रड. पुढं मामा आहेत. दोन वाजून गेलेत. धूर उठलाच असेल.

धूर नव्हता.

मी डोळे चोळले. मामांचं पाचटाचं रान दिसलं, पिवळंधमक, जसंच्या तसं. रानात माणूस नाही, बांधावर माणूस नाही. अख्ख्या शिवारात एकही माणूस नाही! मग माझी नजर मारुतीच्या देवळाकडं गेली. देवळापुढं मांडव घातलेला, आणि त्यात गाव मुंग्यांसारखं जमलेलं. एवढ्या उंचीवरूनही मला स्पीकर ऐकू आला, तोही नीट नाही, नुसता 'हॅलो हॅलो'.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. पाचट पेटवायचं तर चारी बांधांवर माणसं उभी लागतात, पाण्याच्या बादल्या घेऊन. नाहीतर शेजाऱ्याचा उभा ऊस जळतो. आणि ती सगळी माणसं मी स्वतः फोन करून ओटीला पाठवली होती.

रडणारं यंत्र मी बंद केलं. उतरायला अख्ख्या गावात एकच सपाट कोरडं रान होतं, गव्हाचं, आणि त्यात ताईंचं ग्लायडर पंख सुटे करून ट्रेलरवर चढवलेलं दिसत होतं. मी शेजारी उतरलो. उतरणं मात्र असं झालं, की गव्हाचं एक धसकट मोडलं नाही.

पहिले आले ते मामा, डोक्याला फेटा, धापा टाकत.

"आरं भाच्या! तू बी आलास? लय भारी! आता दोघांचा बी सत्कार!"

"मामा, धूर कुठाय?"

"कसला धूर?"

"पाचटाचा!"

"आरं मग तूच म्हणालास ना ओटी भरा म्हणून! माणसं हायेत का मोकळी? बांधावर काय मेंढरं उभी करू?"

मामांच्या मागून आप्पा आले. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा मामांकडं, आणि त्यांना सगळं समजलं.

"म्हंजी ह्यो फोन तुझा व्हय?"

"डावपेच होता आप्पा."

"डावपेच! गाढवा, सोताच्याच पायावर धोंडा मारलास आन् वर त्याला शेंदूर फासलास."

तेवढ्यात मांडवातून ताई आल्या. कपाळाला मळवट भरावा एवढं कुंकू, गळ्यात हार, आणि मागं दोन बाया नारळांचं पोतं ओढत. उडायच्या जाड बुटांवर दोन खण अडकलेले. मी तोंड लपवायला जागा शोधत होतो, पण त्या कापलेल्या रानात गव्हाचं एक ताटही उभं नव्हतं.

"मामा," ताईंनी गोड आवाजात विचारलं, "ह्यो फोन शिरूरकरांनीच केलता ना?"

"व्हय की! आमच्या भाच्यालाच लय कळकळ."

"मग मी एकटीनं मान घिणं बरं दिसंना. खरा पाव्हणा ह्योच. ह्याच गावचा भाचा, आन् पयल्यांदाच आभाळातनं आलाय. ह्याचा सत्कार झाल्याबिगर गावानं उठू नये, असं मला वाटतं."

गाव माझ्यावर कोसळलं. मला उचलून मांडवात नेलं, खुर्चीवर बसवलं, फेटा बांधायला घेतला. फेटा बांधणाऱ्याच्या दोन्ही काखांमधून मला जीप दिसली. दौंडकरांनी तिला धक्का मारला आणि ट्रेलर, ग्लायडर, ताई आणि नारळांचं पोतं घेऊन ती धूळ उडवत निघून गेली. आप्पा मात्र राहिले. मला एकट्याला सोडून जायला नको, म्हणाले. खरं म्हणजे मामींनी रस्सा केला होता.

माजी सरपंच बोलले. आजी सरपंच बोलले. दोघे एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणून दोघांना सारखाच वेळ द्यावा लागला. सोसायटीचे चेअरमन माझ्या आज्याबद्दल बोलले, त्यांच्या रानात आमची मेंढरं खतासाठी कशी बसायची ते. शाल झाली, नारळ झाला. मग मला चार शब्द बोलायला सांगितलं. मला चार शब्द कधी पुरले नाहीत. मी माइक धरला आणि उड्डाणाचं सांगायला लागलो. घार, अंडी, गोम, सगळं आलं. लोक पोट धरून हसत होते. मी रंगात आलो. आणि बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की समोरची माणसं आभाळाकडं बघायला लागलीत.

मी मांडवाबाहेर डोकावलो. मामांच्या रानातून काळाकुट्ट धूर खांबासारखा सरळ वर चढत होता.

"मामा!" मी माइकमधूनच ओरडलो.

मामा बांधावरून पळत आले, तोंड काजळलेलं, आनंदी. "भाच्या, दुपारपासनं धूर-धूर करत हुतास. म्हटलं तुझं भाषाण चालू हाय तवर चार-आठ माणसं मोकळी हायेत, तेवढ्यात उरकून टाकू!"

माझं ग्लायडर गव्हाच्या रानात उभं. विंच भीमेपलीकडं. धूर असा फक्कड, की आयुष्यात एकदाच मिळावा. आणि भीमेच्या बाजूनं, उसावरून खाली खाली येत, एक पांढरा ठिपका मोठा होत होता.

ताई माळावर पोचल्या होत्या आणि विंच बंद व्हायच्या जरा आधी पुन्हा उडाल्या होत्या. आता त्या इतक्या खाली होत्या, की ग्लायडरच्या पोटाला लागलेली माती दिसत होती. आणखी थोडा वेळ आणि त्या दुसऱ्यांदा गव्हाच्या रानात आल्या असत्या. मग दिवस बरोबरीत सुटला असता. पण त्यांना धूर दिसला. त्यांनी पंख कलता केला, धुराच्या खांबात शिरल्या आणि बाहेर आल्या त्या वरच्या मजल्यावर. पुन्हा शिरल्या, आणखी वर. जळकं पाचट त्यांच्याभोवती काळ्या पाकोळ्यांसारखं उडत होतं. गाव टाळ्या वाजवत होतं. शेवटी त्या घारीएवढ्या झाल्या, एकदा पंख हलवले आणि चिमणीकडं निघून गेल्या.

आप्पा बांधावर खाली बसले. शिव्या नाहीत, टोमणा नाही.  मी शेजारी बसलो. 

"अजून एक हंगाम," ते स्वतःशीच म्हणाले. "न्हाई टिकायचं ते."

उन्हं कलायला लागली तसा फोन आला. ताई चिमणीला वळसा घालून परत उतरल्या होत्या. दौंड सलग तिसऱ्या वर्षी जिंकलं होतं.

आमच्या स्पर्धेत एक रीत आहे. रानात अडकलेल्या हरलेल्याला आणायला जिंकलेल्यानं स्वतः यायचं. सूर्य बुडायच्या सुमाराला जीप आणि ट्रेलर आले. ताई उतरल्या, केसांत अजून पाचटाची काजळी. मागं दौंडची पाच-सहा मंडळी, हसून हसून लाल झालेली.

"शिरूरकर, धूर मस्त हुता," ताई म्हणाल्या. "पुढल्या वेळी जरा लवकर लावा."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण आप्पा उभे राहिले होते. अंगावरची माती झटकत ते पुढं आले आणि एकदम पंचाच्या आवाजात म्हणाले, "ह्या उड्डाणाचा निवाडा व्हायला पायजे."

"कसला निवाडा, आप्पा?"

"धूर कुणाचा?"

"मामांचा."

"मामा कुठल्या तालुक्यातलं?"

"शिरूर."

"पाचट शिरूरचं, काडी शिरूरची, धूर शिरूरचा. तुमी भीमेपातूर उडाला ते दौंडचं. भीमेच्या ह्या अंगाला जे उचललं ते शिरूरनं उचललं. म्हंजी निम्मं उड्डाण आमचं. मग विंच बी निम्मं वरीस आमचा."

असला निवाडा ऐकून माझी छाती भरून आली. दौंडची मंडळी आणखी हसायला लागली. ताईसुद्धा हसल्या, पण आप्पांकडं बघून जरा थांबल्या. मग डोळे बारीक करून म्हणाल्या, "बरं आप्पा. दौंडचं मन काय लहान न्हाई. निम्मं वरीस तुमचं. न्या विंच. जून ते सप्टेंबर."

एकच हशा पिकला. जून ते सप्टेंबर म्हणजे पाऊस. त्या महिन्यांत माळावर चिखल असतो, एक ग्लायडर उडत नाही. शिवाय ते निम्मं वर्षही नव्हतं. "हे चार महिने झाले ताई!" मी उसळलो. "रेल्वेत असा हिशोब करतात व्हय? आम्हांला उडायचा हंगाम..."

आप्पांनी माझ्या पायावर पाय ठेवला. ठेवला म्हणजे रोवला.

"मंजूर," ते म्हणाले. "जून ते सप्टेंबर. विंच आमच्या दारात, म्हंजी हात बी आमीच लावनार. तुमी समद्यांनी ऐकलंय."

"ऐकलं की," ताई म्हणाल्या. "लावा हात."

जीपमध्ये बसल्यावर मी पाय चोळत आप्पांकडं बघितलं. ते खिडकीतून बाहेर बघत होते आणि त्यांच्या मिशा हलत होत्या.

जून लागला त्या दिवशी आम्ही ट्रॅक्टर घेऊन दौंडला गेलो. आप्पा परतीच्या वाटेवर विंचाच्या शेजारी, उघड्यावर बसून आले. भीमेच्या पुलावर येईपर्यंत त्यांनी इंजिनाचे दोन पत्रे काढले होते. तिसरा सिलिंडर त्यांनी म्हटला होता तसाच निघाला, हे त्यांनी मला पुढं महिनाभर रोज सांगितलं. शेडमध्ये त्यांनी पोती अंथरली आणि अख्खं इंजिन त्यावर मांडलं, एकेक नट, एकेक वायसर, मटकी वाळत घालावी तसं. शिफ्ट सुटली की मी जायचो, पाने पुसून द्यायचो आणि शिव्या खायचो. जुलै गेला, ऑगस्ट गेला. नवे भाग आले, घासले गेले, तेलात बुडाले. गणपती झाले. इंजिन पोत्यांवरच.

"आप्पा, जोडायचं कवा?"

"घाई काय हाय?"

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी दौंडहून टेम्पो आला. ताई उतरल्या आणि शेडच्या दारात उभ्या राहिल्या. आत पोत्यांवर इंजिनाचे दोन-तीनशे तुकडे, स्वच्छ, चकचकीत, आणि मधोमध आप्पा चहा पीत बसलेले.

"आप्पा, हे काय? आमी न्यायला आलोय."

"न्या की," आप्पा म्हणाले. "पोती आणलीत का?"

ताईंनी एक वायसर उचलला, उजेडात धरून बघितला, परत जागच्या जागी ठेवला. "तिसरा सिलिंडर?"

"तिसराच."

"मला बी वाटत हुतं," त्या हळूच म्हणाल्या. "आमच्या पोरांना पटंना. आता जोडायला किती लागंल?"

"दोन दिसात जोडून देतो. पण जोडल्यावर लगीच हलवायचं न्हाई. इंजन बसाया लागतं. एका जागी राहून, रोज थोडं थोडं चालवून."

"किती दिवस?"

आप्पांनी बशी खाली ठेवली. "आता ते काय माझ्या हातात हाय व्हय? ते इंजनाच्या मनावर."

ताई मोठ्यानं हसल्या. मग बाहेर जाऊन त्यांनी टेम्पोवाल्याला सांगितलं, की रिकामा परत जा आणि पुढच्या रविवारी आमचं ग्लायडर घेऊन इकडंच ये. परत येऊन त्या पोत्याच्या कडेला बसल्या आणि आप्पांपुढं हात केला.

"पाना द्या. निदान जोडायला तरी लागते हाताखाली."

आप्पांनी जरा विचार केला, मग माझ्या हातातला पाना काढून त्यांना दिला. मला चहा टाकायला पाठवलं.